सीडी वाचली जाते आहे, तोवरच प्रत काढा

संगणकात सीडी घातली, ती फिरली आणि प्रोग्रॅम बसला, की सीडी ठणठणीत आहे असे आपण मानतो. प्रत्यक्षात तेवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. सीडीची रचनाच अशी आहे की तिची झीज वापरणाऱ्याला बराच काळ कळत नाही. ड्राइव्ह क्षणोक्षणी चुका पकडतो, मुकाट्याने दुरुस्त करतो आणि पडद्यावर सगळे आलबेल दिसते. दुरुस्तीची क्षमता संपते तेव्हा मात्र पूर्वसूचना मिळत नाही, प्रोग्रॅम बसवणे अर्ध्यावर थांबते. म्हणूनच सॉफ्टवेअरच्या डिस्कची प्रत ती उत्तम चालत असतानाच काढायला हवी.

मराठी वाचकाला हा प्रश्न विशेष जवळचा आहे. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी आपल्याकडची पुस्तके, दिवाळी अंक, लग्नपत्रिका हे सारे 'श्री-लिपी', 'आकृती', 'आयएसएम' यांसारख्या सॉफ्टवेअरवर अक्षरजुळणी होऊन छापले जात असे. त्या काळच्या अनेक फॉन्टची अक्षरसंकेत-रचना स्वतंत्र होती. तो फॉन्ट संगणकात नसेल, तर फाइल उघडूनही रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ दिसतो. त्यामुळे एखाद्या छापखान्याच्या कपाटातली जुनी सीडी ही अनेक हस्तलिखितांची एकमेव किल्ली असू शकते.

पाच किलोमीटरची वाट

सीडी म्हणजे १२० मिलिमीटर व्यासाची आणि १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेटची चकती. तिच्यावर आतून बाहेर जाणारी एकच सर्पिलाकार वाट असते. दोन वेटोळ्यांमधले अंतर १.६ मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये सहाशेहून अधिक वेटोळी. ही वाट सरळ केली तर पाच किलोमीटरहून लांब भरेल. तिच्यावर सूक्ष्म खळगे असतात. सर्वांत आखूड खळगा जेमतेम ०.८३ मायक्रोमीटर लांबीचा असतो.

हे खळगे ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त लेसर वाचतो. खळग्याची खोली प्लास्टिकमधल्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण चौथ्या भागाइतकी ठेवलेली असते. खळग्यावरून परतणारा किरण आणि सपाट भागावरून परतणारा किरण यांच्यात त्यामुळे जाऊन-येऊन अर्ध्या तरंगलांबीचा फरक पडतो, दोघे एकमेकांना बऱ्याच अंशी खोडतात आणि परतणारा उजेड मंदावतो. उजेडातला हा बदल, म्हणजे खळग्याची कड, हा '१' आणि बदल नसणे हा '०'.

छापील सीडीत हे खळगे प्लास्टिकमध्येच दाबून उमटवलेले असतात. घरी 'बर्न' केलेल्या सीडी-आरमध्ये खळगे नसतात. तिथे सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो आणि लेसरच्या उष्णतेने त्याचे ठिपके बदलतात. हे रंगद्रव्य उन्हाने, उष्णतेने आणि दमटपणाने हळूहळू खराब होते. विक्रेते अशा चकत्यांना कित्येक दशकांचे आयुष्य सांगत आले, पण अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने अनुभवावर आधारित आयुर्मान दोन ते पाच वर्षे धरण्याचा सल्ला दिलेला आहे. कित्येक चकत्या त्याहून पुष्कळ जास्त टिकतात, परंतु आपली चकती कोणत्या गटातली, हे बाहेरून पाहून सांगता येत नाही.

चुका झाकणारे गणित

इतक्या बारीक खुणांवर धूळ, बोटांचे ठसे आणि ओरखडे येणारच. त्यावरचा उपाय आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोन अमेरिकी गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडलेल्या संकेतपद्धतीतून आला. सीडीवरच्या प्रत्येक लहान चौकटीत २४ बाइट खऱ्या माहितीचे आणि ८ बाइट दुरुस्तीचे असतात. काही बाइट वाचता आले नाहीत, तर उरलेल्यांवरून समीकरणे सोडवून ते पुन्हा मिळवता येतात.

त्याहून मोठी युक्ती विखुरण्याची आहे. लग्नाला निघालेले वऱ्हाड सगळे दागिने एका पिशवीत ठेवत नाही, चार जणांच्या सामानात वाटून देते. तसे सीडीवर शेजारचे बाइट शंभराहून अधिक चौकटींमध्ये विखुरलेले असतात. एका ओरखड्याने सलग भाग पुसला गेला, तरी प्रत्येक चौकटीचे नुकसान थोडेच होते आणि ते भरून काढता येते. सीडीच्या वाटेवरचे सलग सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचे नुकसान अशा रीतीने पूर्ण दुरुस्त होऊ शकते. सीडी नेहमी मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, गोल फिरवून पुसू नये, असे सांगतात त्याचे कारण हेच. आडवा ओरखडा प्रत्येक वेटोळ्याचा इवलासा भाग खातो, तर वाटेच्या दिशेने गेलेला ओरखडा सलग लांब पट्टा नष्ट करतो.

गाण्यांच्या सीडीला एवढे पुरते, कारण एखादा नमुना हरवला तर प्लेअर मागच्या-पुढच्यावरून अंदाज बांधतो आणि कानाला फरक जाणवत नाही. प्रोग्रॅममध्ये अंदाज चालत नाही, तिथे एक बिट उलटला तरी सूचना बदलते. म्हणून सॉफ्टवेअरच्या सीडीवर दुरुस्तीचा आणखी एक थर असतो. २३५२ बाइटच्या प्रत्येक गटात, म्हणजे सेक्टरमध्ये, उपयोगाची माहिती २०४८ बाइट, आणि उरलेल्यांपैकी २७६ बाइट निव्वळ दुरुस्तीसाठी राखलेले असतात.

या सगळ्यामुळे सीडी विश्वासार्ह झाली, पण तिची प्रकृती आपल्यापासून लपली. सीडीच्या मानकानुसार सेकंदाला वाचल्या जाणाऱ्या ७३५० चौकटींपैकी २२० पर्यंत सदोष निघाल्या तरी चकती योग्यच समजली जाते. हा आकडा वाढत गेला तरी दुरुस्ती होते आहे तोवर वापरणाऱ्याला काही कळत नाही. काही ड्राइव्ह विशिष्ट सॉफ्टवेअरच्या मदतीने चुकांची मोजदाद दाखवतात, परंतु घरगुती वापरात ती कोणी पाहत नाही.

फाइली नकोत, अख्खी चकती घ्या

प्रत काढताना बहुतेक जण सीडीतल्या फाइली निवडून हार्ड डिस्कवरच्या फोल्डरमध्ये टाकतात. फोटोंसाठी हे ठीक आहे, सॉफ्टवेअरसाठी अपुरे आहे. सीडीला स्वतःचे नाव असते आणि काही प्रोग्रॅम बसताना ते तपासतात. काही सीडींवरून संगणक थेट सुरू होतो आणि त्यासाठी लागणारा भाग फाइलींच्या यादीत दिसतच नाही. म्हणून पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत सारे काही जसेच्या तसे एका फाइलीत उतरवायचे असते. तिला इमेज म्हणतात. सीडीवरची फाइलरचना ठरवणाऱ्या 'आयएसओ ९६६०' या मानकावरून तिचे 'आयएसओ' हे नाव रूढ झाले. ८० मिनिटांच्या सीडीवर ३,६०,००० सेक्टर असतात, म्हणजे पूर्ण भरलेल्या सीडीची इमेज साधारण ७०० मेगाबाइटची होते.

विंडोजवर 'इमगबर्न'सारखा मोफत प्रोग्रॅम हे काम करतो, मॅकवर 'डिस्क युटिलिटी' आणि लिनक्सवर 'डीडी' ही आज्ञा आधीपासूनच असते. विंडोज ८ पासून पुढच्या आवृत्त्यांत आयएसओ फाइलवर दोनदा क्लिक केले की ती खरी सीडी घातल्यासारखी उघडते. जुन्या काही खेळांच्या सीडीवर माहितीबरोबर गाण्यांचे ट्रॅकही असतात. ते साध्या आयएसओत मावत नाहीत, तिथे 'बिन' आणि 'क्यू' अशा दोन फाइलींची जोडी करावी लागते.

पडताळणीशिवाय प्रत नाही

कागदाची प्रत मूळ कागदासारखी असते, पण हुबेहूब तीच नसते. डिजिटल प्रत मात्र बिटागणिक तीच असू शकते आणि ते सिद्धही करता येते. त्यासाठी फाइलीचा हॅश काढतात. 'शा-२५६' ही पद्धत कितीही मोठ्या फाइलीवरून ६४ अक्षर-अंकांची एक ओळ तयार करते. फाइलीतला एक बिट बदलला तरी ती ओळ पार बदलून जाते. विंडोजमध्ये 'सर्टयुटिल' आणि लिनक्समध्ये 'शा२५६सम' या आज्ञांनी ती काढता येते.

सीडीची इमेज दोनदा काढा, शक्य असेल तर दोन वेगळ्या ड्राइव्हमध्ये. दोन्ही हॅश जुळले तर वाचन खरे झाले असे खुशाल समजा. तो हॅश एका साध्या मजकूर फाइलीत लिहून इमेजच्या शेजारी ठेवा. पाच वर्षांनी पुन्हा हॅश काढून ताडून पाहिला की प्रत शाबूत आहे की नाही ते कळेल. सीडी मुकाट्याने खराब होत असते आणि आपल्याला ते कळत नाही, ही उणीव हॅशने भरून निघते.

सीडी आधीच अडखळत असेल, तर तोच तो भाग वाचण्याचा हट्ट धरू नका. लिनक्सवरचा 'जीएनयू डीडीरेस्क्यू' हा प्रोग्रॅम आधी सहज वाचता येणारे सगळे सेक्टर उतरवतो, राहिलेल्यांची नोंद ठेवतो आणि मग फक्त त्यांच्याकडे वळतो. ती नोंद जपून दुसऱ्या ड्राइव्हमध्ये किंवा त्याच आवृत्तीच्या दुसऱ्या सीडीवरून राहिलेली भोके भरता येतात.

कुलूप आणि कायदा

काही व्यापारी सॉफ्टवेअर, विशेषतः खेळ, 'सेफडिस्क' किंवा 'सिक्युरॉम' अशा कुलपांसह आले. सीडीवर मुद्दाम सदोष किंवा नक्कल करायला अवघड सेक्टर ठेवून अस्सल-नक्कल ओळखण्याची ही तंत्रे होती. २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० ने सेफडिस्कचा ड्रायव्हर सुरक्षेच्या कारणावरून बंद केला आणि पैसे मोजून घेतलेल्या अस्सल सीडीही नव्या संगणकांवर चालेनाशा झाल्या. ग्राहकाचा हक्क कुलपाच्या आयुष्याला बांधला की असे होते.

भारतीय कायदा या बाबतीत समंजस आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२(१)(एए) सांगते की, प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे ज्याच्याकडे आहे त्याने हरवणे, नष्ट होणे किंवा खराब होणे यांपासून तात्पुरते संरक्षण म्हणून बॅकअप प्रत काढली, तर तो हक्कभंग ठरत नाही. मात्र ती प्रत मूळ प्रयोजनासाठीच वापरायची आहे. मित्राला दिलेली सीडी बॅकअप ठरत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५ए, हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड सांगते. हेतू स्वच्छ आणि मूळ सीडी स्वतःची असावी, एवढे पथ्य पाळावे.

इमेज तयार झाली की ती एकाच ठिकाणी ठेवू नका. एकूण तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक घराबाहेर, हा संगणकजगात मान्य झालेला नियम घरालाही लागू पडतो. सीडीच्या वेष्टनावर छापलेला परवाना क्रमांक सीडीच्या आत नसतो. त्याचा फोटो काढून सोबत ठेवा, नाहीतर उत्तम प्रतही निरुपयोगी ठरेल. डोंगलवर, म्हणजे संगणकाला जोडायच्या किल्लीवजा उपकरणावर, चालणाऱ्या सॉफ्टवेअरचे डोंगल वेगळे जपा, कारण इमेजमध्ये ते येत नाही.

नव्या लॅपटॉपमध्ये सीडी ड्राइव्ह नसतो, पण यूएसबीने जोडायचा ड्राइव्ह अजून बाजारात मिळतो. एखादा घ्या किंवा ओळखीच्या कुणाकडून आणा, कपाटातल्या सॉफ्टवेअरच्या सीडी बाहेर काढा आणि सर्वांत जुनीपासून सुरुवात करा. एका सीडीला काही मिनिटे लागतात. ती मिनिटे आजच द्या, कारण सीडी वाचायची थांबल्यावर काढता येणारी प्रत बहुधा अपुरी असते.