दंतधागा

दंतधागा अथवा डेंटल फ्लॉस हा दोन दातांमधील फटीत अडकलेले अन्नकण व तेथे साचलेला जीवाणूंचा थर काढण्यासाठी वापरला जाणारा बारीक धागा होय. तो बहुधा नायलॉनचा असून काही प्रकारांत त्यावर मेणाचा पातळ लेप असतो.

आवश्यकता

दाढेला बाहेरची, आतली, चावण्याची आणि शेजारच्या दातांकडील दोन, अशा पाच बाजू असतात. ब्रश पहिल्या तीन बाजू स्वच्छ करतो. शेजारच्या दातांना लागून असलेल्या बाजूंपर्यंत त्याचे केस नीट पोहोचत नाहीत. तेथे साचणाऱ्या चिकट थरास प्लाक म्हणतात. त्यातील जीवाणू साखर व पिष्टमय पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि त्यामुळे दात किडतो. हा थर वेळीच न काढल्यास लाळेतील खनिजांमुळे काही दिवसांतच त्याचे कठीण किटण बनते. किटण धाग्याने निघत नाही. ते दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे लागते. हिरड्यांची सूज व रक्तस्राव ही पहिली अवस्था नियमित स्वच्छतेने बरी होऊ शकते. मात्र दातांच्या मुळांभोवतीचे हाड झिजू लागल्यास ते पूर्ववत होत नाही व कालांतराने दात हलू लागतात.

इतिहास

अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्सचे दंतवैद्य लेव्ही स्पिअर पार्मली यांनी १८१९ च्या आपल्या ग्रंथात मेण लावलेला रेशमी धागा दातांमधून फिरवण्याचा सल्ला दिला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून रेशमाची जागा नायलॉनने घेतली.

महाराष्ट्रातील दंतस्वच्छता

महाराष्ट्रात कडुनिंब व बाभळीच्या काड्यांचे दातवण तसेच राखुंडी प्रचलित होती. फटींतील कण काढण्यासाठी कानकोरण्याप्रमाणेच दातकोरणेही वापरले जाई. भुसावळ, यावल, रावेर या भागांत आवडीने खाल्ल्या जाणाऱ्या वांग्याच्या भरताच्या बिया किंवा कळण्याच्या भाकरीचे कण दातांत अडकले, की अनेकजण आगपेटीची काडी अथवा टाचणी वापरतात. त्यामुळे हिरडीला इजा होते आणि प्लाक मात्र तसाच राहतो. भाजलेल्या तंबाखूची पूड असलेली मशेरी दात स्वच्छ करते, हा समजही घातक आहे. तिचे व्यसन जडते व मुखकर्करोगाचा धोका वाढतो. भारत सरकारने १९९२ मध्ये टूथपेस्ट व दंतमंजनांत तंबाखू वापरण्यास बंदी घातली.

वापरण्याची पद्धत

सुमारे ४५ सेंटिमीटर धागा घेऊन त्याची टोके दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळतात. अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये थोडा भाग ताणून धरून तो हलक्या हाताने फटीत सरकवतात. एका दाताभोवती अर्धवर्तुळाकार वळवून हिरडीच्या कडेपासून वर-खाली फिरवतात. मग शेजारच्या दातासाठी तीच कृती करतात. प्रत्येक फटीसाठी धाग्याचा नवा भाग वापरतात. दिवसातून एकदा, शक्यतो रात्री झोपण्यापूर्वी, ही कृती करणे पुरेसे असते. सुरुवातीस थोडे रक्त येऊ शकते. ते एक-दोन आठवड्यांत न थांबल्यास दंतवैद्याचा सल्ला घ्यावा.

परिणामकारकता व मर्यादा

२०१९ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार, ब्रशसोबत धागा वापरल्यास केवळ ब्रश करण्यापेक्षा हिरड्यांची सूज अधिक कमी होऊ शकते. मात्र उपलब्ध पुरावा कमी खात्रीचा आहे. फटी रुंद असल्यास बारीक आंतरदंत ब्रश अधिक उपयुक्त ठरतात. दंतधागा ब्रशला पर्याय नसून त्याला पूरक आहे.