जुना मिनी ट्रॅक्टर, घरची शेड

साधारण वीस अश्वशक्तीच्या आतला आणि रुंदीला चार फुटांच्या आत बसणारा ट्रॅक्टर महाराष्ट्रात मिनी ट्रॅक्टर म्हणून ओळखला जातो. अमेरिकेत याच चणीच्या यंत्राला गार्डन ट्रॅक्टर म्हणतात, पण तिथे त्याचे काम वेगळे होते: बंगल्याभोवतीची हिरवळ कापणे, बर्फ लोटणे, परसातले हौशी बागकाम. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९६१ च्या सुमारास ‘कब कॅडेट’ आणि जॉन डिअरने १९६३ मध्ये ‘११०’ हे मॉडेल बाजारात आणले. आज तिकडचे हौशी लोक ही यंत्रे हुडकून काढतात, खोलतात, चकचकीत करतात आणि प्रदर्शनात मांडतात. त्याच इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६३ मध्ये महिंद्र आणि व्होल्टास यांच्यासह इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया उभारली. पण भारतातल्या शेतकऱ्याला तेव्हा नांगरटीचे मोठे यंत्र हवे होते, आणि कंपनीने आणला तोही बी-२७५ हा मोठा ट्रॅक्टर. छोटा ट्रॅक्टर आपल्याकडे आला तो जपानी भातशेतीच्या वळणाने. बंगळूरच्या व्हीएसटी टिलर्सने मित्सुबिशीच्या सहकार्याने तीन सिलिंडरचा, अठरा अश्वशक्तीच्या घरातला ‘शक्ती’ आणला. पुढे महिंद्रचा एका सिलिंडरचा, पंधरा अश्वशक्तीचा ‘युवराज २१५’ आला आणि राजकोटच्या कारखानदारांचीही मॉडेले आली.

महाराष्ट्रात या यंत्रांच्या प्रसाराला सामाजिक न्याय विभागाच्या एका योजनेनेही हात दिला. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजातल्या बचत गटांना ९ ते १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर आणि त्याची अवजारे घेण्यासाठी २०१२ पासून नव्वद टक्के अनुदान मिळू लागले. त्या सुरुवातीच्या वर्षांत आलेले ट्रॅक्टर आता दहा वर्षांपलीकडे गेले आहेत. काही अजून राबतात, काही गोठ्याच्या भिंतीला टेकून उभे आहेत. जुना मिनी ट्रॅक्टर घरच्या शेडमध्ये घेऊन तो पुन्हा चालता करायचा, तर माल मिळतो तो असा.

कामठीसारखे गाव या कामाला सोयीचे आहे. १८२१ मध्ये कन्हान नदीच्या काठी छावणी म्हणून वसलेले हे गाव नागपूरपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, पंप-नोझल अशी घरी न होणारी कामे त्यामुळे एका दिवसात शहरात जाऊन करून आणता येतात. आणखी एक गोष्ट अशी की कामठी तीन प्रकारच्या शेतीच्या मध्ये पडते. पूर्वेला मौदा-रामटेकचा धानपट्टा, पश्चिमेला काटोल-नरखेड-कळमेश्वरचा संत्रापट्टा, आणि अवतीभवती कापूस, सोयाबीन, तूर, भाजीपाला. जुना ट्रॅक्टर यांपैकी कुठून आला, हे आधी विचारावे. तो कशाने झिजला आहे, याचा अंदाज त्या उत्तरातूनच येतो.

धानाच्या बांधीतून आलेल्या ट्रॅक्टरने चिखलणी केलेली असते. चिखल-पाणी हब, पुढचा एक्सल आणि गिअरबॉक्स यांच्या ऑइल सीलमधून आत शिरते. ऑइलचा बोल्ट सैल करून पाहिल्यास तेल दुधाळ दिसले, तर आत पाणी गेले आहे असे समजावे. ते जितकी वर्षे आत राहिले, तितकी बेअरिंगे खराब. संत्र्याच्या बागेतल्या ट्रॅक्टरचा आजार निराळा असतो. डिंक्यासारख्या रोगांवर बोर्डो मिश्रण वापरतात आणि त्यातले मोरचूद लोखंडाला खाते. फवारणीचा पंप वर्षानुवर्षे मागे जोडलेला असला तर तिथले पत्रे, बोल्ट आणि लिफ्टचे हात आधी सडतात. इंजिन मात्र बऱ्याचदा धडधाकट निघते. तिसरा प्रकार ट्रॉलीला जुंपलेल्या ट्रॅक्टरचा. रेती-विटांच्या ओझ्याने त्याची क्लच प्लेट, ब्रेक आणि मागचा हूक गेलेला असतो. तिन्हींत हाच सगळ्यात फसवा, कारण बाहेरून तो ठीकठाक दिसतो.

पैसे मोजण्यापूर्वी कागद पाहावेत. शेतीचा ट्रॅक्टर कायद्याने बिगर-परिवहन वाहनांत मोडतो. त्याची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि नंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. कामठी तालुक्यातली वाहने नागपूर ग्रामीणच्या एमएच-४० मालिकेत येतात. नोंदणी पुस्तकातला इंजिन क्रमांक आणि चेसिस क्रमांक यंत्रावर कोरलेल्या क्रमांकांशी ताडून घ्यावा. पुढे गंज खरवडताना त्या जागेवर ग्राइंडर फिरवू नये. कर्जाचा बोजा उतरवलेला नसेल, तर कितीही स्वस्त यंत्र महागच पडते.

आता खोलणे. हात शिवशिवतात ते इथेच, आणि नुकसानही बहुतेक इथेच होते. बंद पडलेला ट्रॅक्टर दुसऱ्याला बांधून ओढत चालू करण्याचा मोह टाळावा. वर्षानुवर्षे उभ्या इंजिनात रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात; ओढून फिरवले की त्या तुटतात आणि सिलिंडरला चरे पडतात. त्यापेक्षा नोझल काढून सिलिंडरमध्ये थोडे डिझेल आणि पातळ ऑइल सोडावे, दोन-चार दिवस थांबावे, आणि फ्लायव्हील हाताने थोडे पुढे, थोडे मागे हलवत मोकळे करावे. टाकीच्या तळाशी साचलेले पाणी आणि गंज काढायला साखळीचा तुकडा टाकीत घालून ती डिझेलसह खळखळवतात. हा जुना गावठी उपाय चांगला चालतो; फक्त साखळीचे टोक बाहेर ठेवायला विसरू नये.

इंजिन एकदा चालू झाले की धूर बरेच काही सांगतो. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खाते आहे, काळा म्हणजे डिझेल पूर्ण जळत नाही, आणि गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला तर कॉम्प्रेशन कमी आहे, नोझल नीट फवारत नाही किंवा पाणी सिलिंडरमध्ये येते आहे. तीन सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येकाचे कॉम्प्रेशन मोजावे. आकडा कमी असण्यापेक्षा तिघांतला फरक अधिक बोलका असतो. कमी निघालेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजले आणि आकडा चढला तर रिंगा झिजल्या आहेत, न चढला तर वॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. एवढ्या दोन मोजण्यांनी पूर्ण इंजिन बांधायचे की नुसते हेड उतरवायचे, हे ठरते. नोझल बाहेर काढून फवारा पाहताना हात दूर ठेवावा. तो दाब दोनशे बारच्या आसपास असतो. डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत जाते आणि अशी जखम दिसायला लहान, पण शस्त्रक्रियेची वेळ आणणारी असते. पंप आणि नोझल यांचे काम टेस्ट बेंच असलेल्या दुकानातच करून घ्यावे. घरी त्यांचे स्क्रू फिरवून काही साधत नाही.

क्रँकशाफ्टचे जर्नल मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजतात, कारण झीज गोल नसते, अंडाकृती असते. गरज पडल्यास पाव किंवा अर्ध्या मिलीमीटरच्या टप्प्याने क्रँक ग्राइंड करून त्या मापाची बेअरिंगे बसवतात. सिलिंडरचेही तसेच: काही इंजिनांत लायनर बदलता येतो, काहींत ब्लॉकच बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन घालावा लागतो. पिस्टन हातात आल्याशिवाय बोअरिंग करू नये. जुन्या मॉडेलचा त्या मापाचा पिस्टन बाजारात मिळेलच असे नाही, आणि मोठे केलेले भोक कुणी लहान करून देत नाही.

मोटारीला असते तशी वेगळी चौकट बहुतेक मिनी ट्रॅक्टरला नसते. इंजिन, क्लच हाउसिंग आणि गिअरबॉक्स ही ओतीव अंगे एकमेकांना बोल्टने जोडलेली असतात आणि तीच यंत्राचा कणा असतात. म्हणून क्लच प्लेट बदलायची तर सगळा ट्रॅक्टर मधोमध दोन भागांत वेगळा करावा लागतो. घरच्या शेडमधला सर्वांत धोक्याचा प्रसंग हाच. पुढचा एक्सल मधल्या पिनेवर डोलणारा असतो. मागचा आधार सुटला की पुढचा भाग इंजिनासह कुशीवर कलंडू शकतो. यासाठी एक्सल आणि त्यावरचा सांगाडा यांच्या फटीत दोन्ही बाजूंना सागाच्या पाचरी घट्ट ठोकतात, दोन्ही भागांखाली लाकडी ठोकळे लावतात आणि मग चाके हळूहळू मागे सरकवतात. नुसत्या जॅकच्या भरवशावर यंत्राखाली कधीच जाऊ नये. जुन्या क्लच प्लेटमध्ये आणि ब्रेकच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते; तिथली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. प्लेट बदलताना रिलीज बेअरिंग आणि मागचे ऑइल सीलही बदलावे. या फुटकळ वस्तू वाचवल्या तर तेवढ्यासाठी ट्रॅक्टर पुन्हा फोडावा लागतो.

हायड्रोलिक लिफ्टकडे लोक शेवटी वळतात, तोवर पैसे संपलेले असतात. हे उलटे व्हायला हवे. लिफ्ट नसलेला मिनी ट्रॅक्टर शेतात जवळजवळ निरुपयोगी असतो. तीन ठिकाणी अवजार जोडण्याची आणि ते तेलाच्या दाबाने उचलण्याची ही रचना हॅरी फर्ग्युसन यांनी रूढ केली. १९४६ पासून बनू लागलेल्या त्यांच्या छोट्या करड्या ट्रॅक्टरने ती जगभर नेली. तपासणी सोपी आहे. वजनदार अवजार उचलून इंजिन बंद करावे. ते भराभर खाली बसले तर सिलिंडरचे सील किंवा वॉल्व्ह गळतो आहे. उचलतच नसेल तर पंपावर संशय घेण्याआधी तेलाची जाळी काढून धुवावी. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

रंग सर्वांत शेवटी. गंज खरवडून, पत्रे ठोकून, लांबी भरून, प्रायमर मारून मग मूळ छटेचा रंग. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. भर दुपारी फवारलेला रंग पत्र्यावर पोचेपर्यंतच सुकू लागतो आणि हाताला खरखरीत लागतो. पावसाळ्यात उलट, हवेतल्या ओलीने त्यावर पांढुरकी झाक येते. मार्चमधली किंवा दिवाळीनंतरची सकाळ उत्तम.

आपल्या सोयीने बदल करायचे तर मिनी ट्रॅक्टरचे मोल त्याच्या अरुंदपणात आहे हे धरून चालावे. तूर-कपाशीच्या ओळींत, संत्र्याच्या खाली वाकलेल्या फांद्यांमधून तो जातो म्हणून तो हवा असतो. त्यावर रुंद बंपर, उंच छत आणि स्पीकरची पेटी चढवणे हौस म्हणून ठीक, पण फांद्या मोडतात आणि वजन वर जाते. उपयोगी बदल साधे आहेत: मागच्या चाकांच्या डिस्क उलट्यासुलट्या बसवून पिकाच्या अंतराप्रमाणे चाकांतले अंतर बदलणे, डवरणीसाठी हलका टूलबार, धानासाठी लोखंडी केज व्हील, रात्रीच्या ओलितासाठी एलईडी दिवे आणि फ्यूज असलेली नवी वायरिंग. चाके उलटवताना टायरच्या नक्षीची दिशा राहिली पाहिजे. मागून पाहिल्यास तिचे टोक वर दिसावे. चाके जवळ आणली की ट्रॅक्टर उलटण्याचा धोका वाढतो, म्हणून धुऱ्यावर किंवा उतारावर जाताना ती पुन्हा लांब करावीत.

चारचाकी ओढीच्या मॉडेलमध्ये टायरचे माप बदलणे हा न दिसणारा घात आहे. त्यात पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने ओढतील असे गिअरांचे प्रमाण बांधलेले असते. फक्त मागे मोठे टायर घातले की ते प्रमाण बिघडते, आणि कठीण जमिनीवर पुढचे गिअर एकमेकांशी झगडत झिजतात. पीटीओ शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे आवरण अडचण म्हणून काढून टाकण्याची सवयही सर्रास दिसते. मिनिटाला ५४० फेरे घेणारा शाफ्ट धोतराचा किंवा ओढणीचा पदर पकडतो तेव्हा सोडवायला वेळ नसतो.

जास्त ताकदीचे दुसरे इंजिन बसवण्याचा विचार बहुतेकांच्या मनात एकदा तरी येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि इंजिन बदलायला नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते. तांत्रिक अडचण त्याहून मोठी आहे: क्लच, गिअर आणि मागचा एक्सल जुन्याच ताकदीसाठी बनलेले असतात.

बांधलेल्या इंजिनाला पहिले पन्नासेक तास हलक्या कामाला लावतात. पाण्याचा पंप, रिकामी ट्रॉली, भुसभुशीत जमिनीतली वखरणी चालते. रोटाव्हेटर आणि चिखलणी नाही. एकाच वेगाने फार वेळ चालवू नये, आणि नुसते आयडलवर तासन्‌तास ठेवणे तर त्याहून वाईट, कारण दाब न मिळालेल्या रिंगा सिलिंडरला बसतच नाहीत. त्यानंतर ऑइल आणि फिल्टर बदलतात, टॅपेटची फट पुन्हा मोजतात, आणि कंपनीने सांगितले असेल तिथे हेडचे बोल्ट ठरलेल्या ताणाने पुन्हा कसतात. काढलेले ऑइल स्वच्छ भांड्यात घेऊन तळाशी चुंबक फिरवावा. बारीक राखाडी भुकटी आली तर झीज नेहमीची. नखावर जाणवणारे कण आले तर रोटाव्हेटर जोडण्याआधी चेंबर उतरवून बेअरिंगे पाहावीत.