चित्रातील प्रमुख रंग कसा ओळखावा?

भाताच्या पिकाला नत्र कमी पडले की पाने पिवळट पडू लागतात. म्हणून हिरव्या रंगाच्या निरनिराळ्या छटा असलेली पट्टी पानाशी ताडून पाहावयाची व मगच युरिया द्यावयाचा, ही पद्धत आपल्या देशात वापरात आहे. पानाच्या छायाचित्रावरून हेच काम संगणकाला सांगावयाचे झाल्यास प्रथम प्रश्न येतो तो हा, की या चित्रातील प्रमुख रंग कोणता?

संगणकाच्या लेखी चित्र म्हणजे बारीक बिंदूंची मांडणी होय. प्रत्येक बिंदूला तांबडा, हिरवा व निळा यांचे 0 ते 255 पर्यंतचे तीन आकडे असतात. यातून 1,67,77,216 रंग संभवतात.

सर्व बिंदूंची सरासरी काढणे हा सर्वांत सोपा मार्ग. परंतु तोच फसवा आहे. समजा, अर्ध्या चित्रात पान आहे (60, 140, 40) आणि अर्ध्यात लाल माती (160, 80, 40). सरासरी येते (110, 110, 40), म्हणजे पिवळट शेवाळी रंग. असा रंग चित्रात कोठेही नाही; तरीही त्यावर विसंबणारा मनुष्य निरोगी पिकाला विनाकारण खत घालील.

याहून बरा मार्ग मोजणीचा. प्रत्येक आकड्याच्या कक्षेचे आठ सारखे भाग केले की 512 कप्पे होतात. प्रत्येक बिंदू आपापल्या कप्प्यात टाकावा आणि ज्यात गर्दी अधिक, तो रंग प्रमुख मानावा. यातही एक उणीव राहते. 127 व 128 हे शेजारी असूनही निरनिराळ्या कप्प्यांत पडतात.

ही उणीव 'के-मीन्स' या रीतीने दूर होते. तिची प्रचलित कार्यपद्धती स्टुअर्ट लॉइड यांनी 1957 मध्ये मांडली. प्रारंभी चारपाच रंग केंद्रे म्हणून घ्यावेत. प्रत्येक बिंदू जवळच्या केंद्राला जोडावा. नंतर प्रत्येक केंद्र आपल्या गटाच्या सरासरीवर न्यावे. केंद्रे स्थिर होईपर्यंत हा क्रम चालवावा. सर्वांत मोठ्या गटाचे केंद्र हा प्रमुख रंग. पायथॉन भाषेत ही आज्ञावली थोड्या ओळींत लिहिता येते. चित्र आधी 100 × 100 बिंदूंइतके लहान केल्यास अवघे 10,000 बिंदू तपासावे लागतात.

मात्र बिंदू अधिक म्हणजे महत्त्व अधिक, असे नव्हे. चित्रात माती अधिक असेल, तर निर्दोष मोजणीही मातीचाच रंग सांगेल. यास्तव पान सावलीत, पांढऱ्या कागदावर ठेवून छायाचित्र घ्यावे. ज्यांचे तिन्ही आकडे मोठे व जवळजवळ सारखे आहेत, ते कागदाचे बिंदू वगळावेत आणि मगच उरलेल्यांची मोजणी करावी. कागदाला निळसर वा पिवळसर झाक आलेली दिसली, तर पानाच्या रंगातही तीच झाक मिसळली आहे असे समजून छायाचित्र पुन्हा घ्यावे. काय मोजावयाचे हे आपण आधी ठरविले, तरच संगणकाचे उत्तर शेतात उपयोगी पडते.