बिडाचा तडा

इचलकरंजीच्या मागांवर पुष्कळ लिहून झालं आहे. माग मोडल्यावर पुढे काय होतं ते बघून या, असं संपादक म्हणाले आणि मी कबनूर गाठलं. हातकणंगले तालुक्यातलं हे गाव इचलकरंजीला इतकं खेटून आहे की शहर कुठं संपलं ते रस्त्यावरून कळत नाही. दोन्हीकडे मागांचा तोच खडखडाट.

इतिहास थोडक्यात सांगतो. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग सुरू केला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचं उद्योगाला पाठबळ होतं. पुढे माग वाढले, आसपासच्या गावांत पसरले आणि त्यांच्या मागोमाग लेथवाले, जॉबर, वेल्डर आले. मला अडकवून ठेवलं ते एका वेल्डरच्या पत्र्याच्या शेडनं.

साध्या मागाच्या बाजूच्या फ्रेम, दातेरी चाकं, ब्रॅकेटं बिडाची असतात. मिनिटाला दीडशेच्या आसपास वेळा धोटा या पेटीतून त्या पेटीत फेकला जातो आणि प्रत्येक फेकीचा दणका या बिडात उतरतो. बीड दाब उत्तम सोसतं. ताण आणि दणका सोसत नाही. साधं लोखंड मोडण्याआधी वाकतं, बीड मात्र एकदम तडकतं.

कारण कार्बन. साध्या लोखंडात तो पाव टक्क्याच्या आत असतो, बिडात दोन ते चार टक्के. वेल्डिंगच्या आचेनं वितळलेलं बीड झटकन थंड झालं की तिथं काचेसारखा कडक, पांढरा थर तयार होतो. त्याच्यावर कानस चालत नाही. शिवाय वेल्ड थंड होताना आकसतो आणि शेजारचं बीड ताणलं जात नाही. मग वेल्ड शाबूत राहतो आणि त्याला लागून नवी चीर जाते.

त्या शेडच्या वेल्डर मिस्त्रींच्या पुढ्यात एक तडकलेलं ब्रॅकेट होतं. त्यांनी ते आधी ग्राइंडरला लावलं. ठिणग्या आखूड, तांबूस निघाल्या, म्हणजे बीड. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि पिवळसर जातात. मग गॅसच्या ज्योतीनं त्यांनी ते सावकाश तापवलं, कारण वर्षानुवर्षं मुरलेलं तेल जाळून काढलं नाही तर वेल्डमध्ये बारीक भोकं पडतात. त्यानंतरची गोष्ट मला फार आवडली. तडा दिसतो त्यापेक्षा लांब असतो, म्हणून त्यांनी रॉकेल फासलं, कोरडं पुसलं आणि वर खडू घासला. चिरेत शिरलेलं रॉकेल हळूहळू वर आलं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटली. तिच्या दोन्ही टोकांना तीन मिलीमीटरचं एकेक भोक पाडलं. चीर भोकापाशी थांबते, पुढे पळत नाही. मधल्या भागाला व्ही आकाराची खाच.

रॉड निकेलचा. निकेल मऊ राहतं आणि बिडातल्या कार्बनशी मिळून कडक थर करत नाही. करंट जमेल तितका कमी. एका वेळी जेमतेम इंचभर वेल्ड, लगेच छोट्या हातोडीनं हलके ठोके, म्हणजे आकसण्याचा ताण तिथंच मोडतो. मग थांबायचं. हाताखालच्या पोरानं होल्डर उचलला तसे मिस्त्री म्हणाले, "हात लावून बघ आधी." हात टेकवता आला तरच पुढचा इंच. शेवटी काम कोरड्या राखेत गाडून ठेवायचं. मला हे थांबणंच सगळ्यात अवघड कसब वाटलं, कारण मालक दारात उभा असतो आणि त्याचा माग बंद असतो.

त्याच शेडमध्ये साध्या रॉडचे पुडे होते. त्यावरचा ६०१३ हा आकडा रोज हाताखालून जातो. पहिले ६० म्हणजे चौरस इंचाला ६० हजार पौंड ताण. त्यापुढचा १ म्हणजे उभं, आडवं, डोक्यावर, कसंही चालवा. शेवटचा ३ लेपाचा प्रकार सांगतो आणि या लेपाचा रॉड एसी, डीसी दोन्हींवर चालतो. करंटचा ढोबळ हिशेब म्हणजे जाडीच्या दर मिलीमीटरला ३५ ते ४० अँपिअर, ३.१५ मिलीमीटरच्या, म्हणजे १० नंबरच्या रॉडला ९० ते १३०. ७०१८ रॉड ओलावा धरतो. तो ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास भाजून घ्यावा लागतो, नाहीतर ओलाव्यातला हायड्रोजन वेल्डमध्ये शिरून तो आतून तडकतो. हे सगळं पुड्यावर असतं, पण इंग्रजीत. ज्या पोरांच्या हाताला ते हवं, त्यांच्यासाठी ते मराठीत भिंतीवर लागलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

कारण चुका महाग पडतात. निकेल रॉड साध्यापेक्षा कितीतरी महाग, म्हणून गिऱ्हाईक साध्याचाच आग्रह धरतं. सांधा त्या दिवशी धरतो, पुन्हा दणके बसले की शेजारून जातो. पोरं टाके मारताना काच लावत नाहीत आणि रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. आर्कला १० किंवा ११ नंबरची काच लागते, टाक्यालाही. जस्ताचा मुलामा न घासता वेल्ड केला तर त्या धुरानं संध्याकाळी थंडीताप भरतो. मुलामा घासून काढणं आणि शेडचं दार उघडं ठेवणं, एवढा उपाय हाताशी असतो.

आता बिनधोट्याचे माग आले आहेत आणि साधे माग भंगारात जात आहेत. जे उरले त्यांचे सुटे भाग मिळवणं अवघड होत चाललं आहे. शिरोलीच्या फाउंड्र्या जवळ आहेत, पण एका ब्रॅकेटासाठी पॅटर्न करून ओतकाम करणं कुणालाच परवडत नाही. म्हणून साध्या रॉडनं बिघडवलेली कामंही मिस्त्रींकडेच येतात. तेव्हा आधीचा वेल्ड आणि त्याखालचा कडक थर ग्राइंडरनं पूर्ण खरवडावा लागतो. प्रत्येक वेळी थोडं बीड कमी होतं, खाच रुंदावते, निकेल जास्त लागतं आणि दोनतीन दुरुस्त्यांनंतर धरायला पुरेसं बीडच उरत नाही.