पेठेतले घर की प्लॉटवरचा बंगला?

नांदगावच्या पेठेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले कुटुंब गावाबाहेर बंगला पाहू लागले, की नजरेत भरतात त्या प्रशस्त खोल्या आणि गाडीची जागा. जुन्या घराचा जिना उभा, उजेड बेताचा; सुना कंटाळतात, आणि त्यांचे चुकतेही नाही. पण डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चौविहार पाळणाऱ्याला गिऱ्हाईक आटोपून त्यापूर्वी ताटावर बसायचे असते. घर दुकानामागेच असेल तर हे सहज साधते. दोन किलोमीटरवर असेल तर रोजची ओढाताण. चातुर्मासात वृद्ध आईला स्थानकात पायी जाता येईल का, साध्वीजींना गोचरीसाठी घर वाटेवर पडेल का, हेही आधी पाहावे.

शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यात जमिनीचा दर परिसरानुसार ठरतो. बांधकामाचे मूल्य मात्र वयाबरोबर घटते. म्हणून पेठेतील घर विकताना भिंतींची पडझड पाहून घाईने भाव उतरवू नये. तिथे गिऱ्हाईक येते ते जागेसाठी. बाहेरच घ्यायचे ठरले, तर आपल्या कमी पावसाच्या तालुक्यात फरशीआधी नळाची चौकशी करावी. मे महिन्यात पाणी किती दिवसांआड येते, हे शेजाऱ्यांना विचारावे.