ओआहू: डोंगराला तार बांधणारं बेट

रेडिओ केंद्र बंद पडलं की आधी तांबं जातं. मग मनोऱ्यांचं लोखंड भंगारात निघतं, यंत्रं दुसरीकडे हलतात. मागे उरतात काँक्रीटचे पाये, ताणाच्या तारांचे खुंटे आणि एखादा चिनीमातीचा इन्सुलेटर. हवाईतल्या ओआहू बेटावर जुनी केंद्रं धुंडाळणारे हौशी रेडिओवाले एवढ्या ऐवजावरही खूश असतात. खुंट्यांमधली अंतरं मोजायची, त्यावरून मनोऱ्याची उंची ताडायची आणि रांगेचा रोख होकायंत्रावर बघायचा. रोख कळला की हे केंद्र कुणाशी बोलत होतं, तेही उमगतं.

बेटाच्या उत्तर टोकाला, काहुकूत, हा हिशेब छान जुळतो. मार्कोनी कंपनीनं १९१४ मध्ये इथून कॅलिफोर्नियाशी बिनतारी संदेशांची ये-जा सुरू केली. मनोऱ्यांची एक रांग अमेरिकेच्या रोखानं होती, तर दुसरी जपानच्या. ऐकण्याचं केंद्र मात्र पार आग्नेय टोकाला, कोको हेडजवळ होतं. स्वतःच्याच प्रक्षेपणाच्या गोंगाटात पलीकडचा क्षीण संदेश बुडून जाऊ नये, म्हणून ही ताटातूट. १९२७ मध्ये आपल्याकडे बिनतारी संदेशांची बीम सेवा आली तेव्हाही असंच झालं: संदेश खडकीहून जात आणि उत्तरं दौंडला येत. काहुकूला आज मार्कोनी रोड नावाचा रस्ता तेवढा ठळक आहे. बाकी सगळं शोधावं लागतं.

गाणी-बातम्यांचा रेडिओ होनोलुलूत १९२२ मध्ये आला. केजीयू हे ते पहिलं केंद्र, ‘ॲडव्हर्टायझर’ या वृत्तपत्राचं. पुढे केजीएमबी आलं. मीडियम वेव्हला ओली, खारी जमीन मानवते; म्हणून असे मनोरे शोधायचे तर डोंगराकडे बघायचंच नाही, किनाऱ्यालगतची सपाटी धरायची. खरं तर या मनोऱ्यांपाशी बघण्यासारखं फारसं नसतं. तरीही केजीएमबीचं नाव निघालं की ही मंडळी थांबतात, आणि त्याला कारण आहे.

एरवी हे केंद्र रात्री बंद होई. पण कॅलिफोर्नियाहून बॉम्बफेकी विमानं यायची असली की लष्कराच्या सांगण्यावरून रात्रभर गाणी चालू ठेवत, म्हणजे वैमानिकांना दिशाशोधक यंत्रावर तो आवाज धरून बेट गाठता येई. ६ डिसेंबर १९४१ च्या रात्री बारा बी-१७ विमानं वाटेवर होती आणि गाणी चालू होती. पण दिशाशोधक जपानी विमानांतही होते. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याचं हवेतून नेतृत्व करणाऱ्या मित्सुओ फुचिदानं होनोलुलूचं केंद्र लावलं आणि त्यावर आपली दिशा पक्की केली.

गंमत म्हणावी की दैवदुर्विलास, तीच गाणी अमेरिकेच्या एका लेफ्टनंटनंही ऐकली होती. कर्मिट टायलर पहाटे ड्यूटीवर निघाला तेव्हा गाडीत रेडिओ चालू होता. रात्रभर गाणी म्हणजे आपली विमानं येणार, हे त्याला एका वैमानिक मित्रानं सांगून ठेवलं होतं. सकाळी ७ वाजून २ मिनिटांनी काहुकूजवळच्या ओपाना टेकडीवर, लॉकर्ड आणि एलियट या दोन शिपायांना रडारवर विमानांचा मोठा जथा दिसला, सुमारे २०० किलोमीटरवर. त्यांनी फोन केला आणि टायलरनं काळजी करू नका म्हणून सांगितलं. चौकशीत त्याला दोषी धरलं नाही. मलाही तो दोषी वाटत नाही. ऐकलेल्या गोष्टीचा त्यानं सरळ अर्थ लावला होता. दुपारच्या आत लष्करानं होनोलुलूची केंद्रं बंद करायला लावली. केजीएमबीचं ते केंद्र ५९० किलोहर्ट्झवर आजही चालतं, नाव तेवढं केएसएसके.

पण यंत्र म्हणून बघायचं तर याच बेटावरच्या हाइकू दरीला तोड नाही. पाणबुड्यांपर्यंत पोचायला अतिदीर्घ लहरी लागतात आणि तेवढ्या लहरींना पुरेल असा मनोरा बांधणं फार अवघड. नौदलानं युद्धाच्या काळात उपाय काढला तो असा की मनोराच नको. दरीच्या दोन्ही बाजूंचे उभे कडे आहेतच. त्यांच्यामध्येच तारा ओढल्या. कड्यात खिळे ठोकत माणसं वर चढली, मग लाकडी शिड्या आल्या, पुढे लोखंडी पायऱ्या. दरीत ॲलेक्झांडरसनचं यंत्र घरघरत असे: व्हॉल्व्ह नाही, नुसत्या वेगानं फिरणाऱ्या चाकातून रेडिओलहरी निर्माण करणारं. पुढे इथंच ओमेगा या दिशादर्शक प्रणालीचं केंद्र आलं. जगभरात अशी आठच केंद्रं होती. १०.२ किलोहर्ट्झ ही तिची एक वारंवारता, म्हणजे एकेक लहर २९ किलोमीटरांहून लांब. जीपीएसनं तिची गरज संपवली आणि ३० सप्टेंबर १९९७ ला ती थांबली.

तारा गेल्या, पायऱ्या राहिल्या. त्या ३,९२२ होत्या. बंदी असूनही लोक वरच्या देखाव्यासाठी चढत राहिले आणि खालच्या वस्तीला त्याचा जाच झाला. होनोलुलूच्या नगर परिषदेनं २०२१ मध्ये पायऱ्या काढण्याची मागणी केली, २०२४ मध्ये काम सुरू झालं आणि प्रकरण न्यायालयात गेलं. छायाचित्रं निघतात ती सगळी वरून, ढगांची आणि समुद्राची. रेडिओवाल्याला मात्र खालच्या, प्रक्षेपकाच्या ओसाड इमारतीत रस असतो, आणि तिथंही परवानगीशिवाय जाता येत नाही.