तंबू घेताय? आधी त्याचे भाग समजून घ्या. नाहीतर पहिल्याच पावसात फजिती

आसगाव (ता. पवनी) : मोबाईलवर 'चार माणसांचा तंबू' दिसतो, फोटोही छान असतो. ऑर्डर केली की चार दिवसांत पिशवी घरी येते. पण उघडल्यावर आत कापड, काड्या, दोऱ्या आणि लोखंडी खिळे निघतात. कोणता भाग कशासाठी, हे माहीत नसेल तर दोऱ्या पिशवीतच राहतात आणि पहिल्याच वाऱ्यात तंबू आडवा होतो.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेला पूर जिल्हा विसरलेला नाही. तेव्हा अनेक कुटुंबांना घर सोडावे लागले. सहलीसाठी घेतलेला तंबू अशा वेळी दोन रात्रींचा आसरा होऊ शकतो, पण तो नीट उभारता आला तरच.

चार माणसांचा म्हणजे किती?
कंपनी एका माणसाला साधारण दोन फूट रुंदी धरते. म्हणजे चौघे खेटून झोपतील, सामानाला जागा उरणार नाही. नवरा-बायको आणि दोन लेकरे असतील तर सहा माणसांचा घेतलेला बरा.

आतला तंबू आणि वरचे कापड
चांगल्या तंबूला दोन थर असतात. आतल्या थराला जाळी असते, त्यामुळे मच्छर येत नाहीत आणि हवा खेळते. वरचे कापड पाऊस अडवते. दोन्ही थर एकमेकांना चिकटू देऊ नका. मध्ये बोटभर जागा हवी, नाहीतर पाणी आत झिरपते. सकाळी आतून ओल दिसली तर लगेच 'तंबू गळतो' म्हणू नका. ती बहुतेक वेळा आपल्याच श्वासाची वाफ असते. वरची झरोकी उघडी ठेवली की ओल कमी होते.

लेबलवर १५००, ३००० असे मिलिमीटरचे आकडे असतात. कापड किती उंच पाण्याच्या दाबापर्यंत टिकते, ते हा आकडा सांगतो. वरच्या कापडाला १५०० ठीक आहे. तळाला ३००० किंवा जास्त असलेले बरे, कारण आपण बसतो-झोपतो तेव्हा तळावर जास्त दाब येतो. शिवणीवर आतून पट्टी चिकटवली आहे का, तेही बघा. पाणी आधी तिथूनच शिरते.

तळ
तळाचे कापड परातीसारखे काठाने वर आलेले असावे. खाली ताडपत्री अंथरली तर काटे-खडे टोचत नाहीत. पण ताडपत्री तंबूच्या बाहेर डोकावू देऊ नका. तिच्यावर पडलेला पाऊस सरळ तळाखाली जातो.

काड्या
काड्यांचे तुकडे आत रबरी दोरीने जोडलेले असतात. फायबरच्या काड्या स्वस्त पण चिरतात. ॲल्युमिनियमच्या हलक्या आणि टिकाऊ. काडी कापडाच्या नळीतून नेहमी ढकलत न्यावी. ओढली की तुकडे सुटतात.

खुंट्या आणि दोऱ्या
खुंटी तिरपी ठोका. तिचे डोके तंबूपासून बाहेरच्या बाजूला झुकलेले असावे. आपली काळी माती ओली झाली की बारीक खिळा धरत नाही. तिथे लांब खुंटी वापरा, नाहीतर मातीने भरलेल्या बोरीला दोरी बांधा. वारा सुटला तर तंबू दोऱ्याच सांभाळतात. दोरीला पांढरी चिंधी बांधली की अंधारात कोणी अडखळत नाही.

जागा कुठली?
धानाच्या बांधीत तंबू लावू नका, पाणी तिथेच साचते. नदीच्या पात्रात तर नकोच. गोसेखुर्दची दारे ३३ आहेत. विसर्ग वाढला की खालच्या भागात पाणी चढते. झाडाखालीही टाळा. वीज कडाडत असेल तर तंबू सोडून पक्क्या घरात जा, कापड विजेपासून वाचवत नाही. आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याला लागून असलेल्या शेतात राखणीसाठी तंबूत झोपणे धोक्याचे आहे. कापडाची भिंत वाघाला अडवत नाही.

जिवावर बेतणारी चूक
थंडी वाजते म्हणून तंबूत शेगडी, निखारे किंवा गॅस कधीच पेटवू नका. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साईड वायू तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. झोपेतला माणूस उठतच नाही. शिवाय कापड क्षणात पेट घेते. स्वयंपाक बाहेर, तंबूपासून लांब करा. उजेडाला टॉर्च पुरे.

झोपताना चेन पूर्ण लावा. चेनला बोटभर फट राहिली तरी साप-विंचू आत येऊ शकतात. सकाळी चपला झटकूनच घाला.

तंबू परत भरण्याआधी सावलीत पूर्ण वाळवा. ओला गुंडाळला तर बुरशी धरते. उन्हात महिनोन्‌महिने उभा ठेवला तर कापड कुजते.

नवा तंबू आला की तो आधी आपल्याच अंगणात उभारा. वरून दोन बादल्या पाणी ओता. कुठे गळते ते तिथेच कळेल, आणि परत करायची मुदतही हातात राहील.